‘लिंक नाही’ म्हणण्यापूर्वी लेबलांचा शेजार तपासावा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी एका बँकेच्या शाखेत जवळपास पूर्ण दिवस काउंटरवर ‘लिंक नाही’ अशी पाटी होती. निवृत्तिवेतन काढण्यासाठी वाड्यावस्त्यांवरून एसटीने आलेली माणसे दुपारपर्यंत ताटकळली आणि रिकाम्या हातांनी परत गेली. यात शाखेतल्या कर्मचाऱ्यांचा काही दोष नव्हता. त्यांना वरून जे कळवण्यात आले, तेच ते लोकांना सांगत होते. परंतु ते उत्तर खरे नव्हते. लिंक जागेवर होती, फायबर शाबूत होते आणि राउटरवरचे, म्हणजे माहिती पुढे पाठवणाऱ्या यंत्रावरचे, दिवे हिरवे होते. बिघडला होता तो दोन राउटरांमधला लेबलांचा शेजार, म्हणजे माहितीवर लावायच्या आकड्यांची त्यांच्यातली देवघेव. राउटरांच्या देखभालीत एकवीस वर्षे घालवल्यानंतर मी हे जबाबदारीने लिहितो की, हा बिघाड क्रमाने शोधला असता तर पाऊण तासात हाती लागला असता.

हा प्रकार मला कळला तो त्या जाळ्याच्या देखभालीवर असलेल्या एका तरुण अभियंत्यामुळे. काही वर्षांपूर्वी तो माझ्याकडे काम शिकला होता. रात्री उशिरा त्याचा फोन आला आणि त्याचे पहिलेच वाक्य असे होते : ‘सर, पिंग जातोय, ओएसपीएफ पण फुल आहे, तरी एकही शाखा चालत नाही.’ म्हणजे चाचणीचा निरोप पलीकडे पोहोचून परत येत होता आणि वाटा शोधणारी व्यवस्था (ओएसपीएफ) पूर्ण जुळलेली दिसत होती. तोपर्यंत त्याच्या वरिष्ठांनी तो राउटर तीन वेळा बंद करून चालू करायला लावला होता. चौथ्यांदा तसे करण्याची तयारी चालली होती.

वाचकांसाठी थोडे मागे जाऊन सांगणे आवश्यक आहे. बँका, विमा कंपन्या आणि शासकीय कार्यालये यांच्या दूरदूरच्या शाखा जोडताना सेवापुरवठादार बहुधा एमपीएलएस ही पद्धत वापरतात. तिच्यात माहितीच्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे पॅकेटला, चार बाइटची एक छोटी चिठ्ठी लावलेली असते. त्या चिठ्ठीतला २० बिटांचा आकडा म्हणजे लेबल. मधले राउटर पॅकेटवरचा मूळ पत्ता वाचत बसत नाहीत, ते लेबल पाहतात, त्याच्या जागी पुढच्या टप्प्याचे लेबल लावतात आणि पॅकेट पुढे देतात. बँकेच्या पॅकेटवर अशी दोन लेबले असतात. पॅकेट कोणत्या ग्राहकाचे हे आतल्या लेबलावरून कळते, आणि ते पलीकडच्या टोकाच्या राउटरपर्यंत कोणत्या वाटेने न्यायचे हे बाहेरच्या लेबलावरून. मधल्या राउटरला बँकेचे पत्ते मुळी ठाऊकच नसतात आणि तीच या पद्धतीची सोय आहे, कारण हजारो ग्राहकांचे पत्ते त्याला सांभाळावे लागत नाहीत. मात्र याच सोयीमुळे, वाटेत एका जरी ठिकाणी बाहेरचे लेबल मिळेनासे झाले तर आतले लेबल उघडे पडते, त्याचा अर्थ मधल्या राउटरला लागत नाही आणि तो पॅकेट तिथेच टाकून देतो.

बाहेरचे लेबल राउटरला त्याचा शेजारी देतो. प्रत्येक राउटर आपल्या शेजाऱ्याला कळवतो की अमुक ठिकाणी जाणारे पॅकेट माझ्याकडे पाठवायचे असेल तर त्यावर अमुक आकडा लाव. ही देवघेव एलडीपी नावाच्या नियमावलीने चालते. ती जानेवारी २००१ मध्ये आरएफसी ३०३६ म्हणून (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे क्रमांकित तांत्रिक दस्तऐवज) प्रसिद्ध झाली आणि ऑक्टोबर २००७ पासून आरएफसी ५०३६ ने तिची जागा घेतली. हा शेजार दोन पायऱ्यांनी जुळतो. आधी प्रत्येक राउटर आपल्या तारेवर २२४.०.०.२ या सामायिक पत्त्याकडे यूडीपीच्या (पोच न मागता पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीच्या) ६४६ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे सेवेच्या ठरलेल्या दारावर, ‘हॅलो’ पाठवत राहतो. सिस्कोच्या राउटरांवर दर ५ सेकंदांनी. या हॅलोमधून दोघांना एकमेकांची ओळख पटते. त्यानंतर ते टीसीपीच्या (पोच घेत क्रमाने पॅकेटे पोहोचवणाऱ्या पद्धतीच्या) ६४६ याच पोर्टवर एकमेकांशी कायमचे संभाषण उघडतात आणि लेबले त्या संभाषणातून जातात. पहिली पायरी झाली म्हणजे शेजार जुळला असे अनेक जण धरून चालतात, आणि तपासाचा निम्मा वेळ त्या समजुतीत वाया जातो.

आता त्या तरुणाचे कोडे. ओएसपीएफ ही वाटा शोधणारी व्यवस्था एलडीपीवर अवलंबून नाही. तिचे हॅलो वेगळे, त्यांचा पत्ता २२४.०.०.५, आणि ती टीसीपीही वापरत नाही. त्यामुळे लेबलांचे संभाषण तुटले तरी ओएसपीएफ ‘फुल’ दाखवते आणि वाट चांगली आहे असेच सगळ्यांना सांगत राहते. राउटरपासून राउटरपर्यंतचा साधा पिंगही जातो, कारण राउटरांचे स्वतःचे पत्ते मधल्या सर्वांना ठाऊक असतात आणि ते पॅकेट लेबलाशिवायही पोहोचते. मरते ते फक्त ग्राहकाचे पॅकेट. देखरेखीच्या पडद्यावर सगळे हिरवे आणि शाखेत पाटी, अशी स्थिती येते ती यामुळे. या कामासाठी लेबलाच्या वाटेनेच जाणारा वेगळा पिंग आहे. तो फेब्रुवारी २००६ च्या आरएफसी ४३७९ मध्ये आला, आणि मार्च २०१७ पासून त्याची सुधारित आवृत्ती आरएफसी ८०२९ मध्ये आहे. ज्या जाळ्यावर ग्राहकांची पॅकेटे लेबलांवर धावतात, त्या जाळ्याची देखरेख साध्या पिंगवर चालवणे मला अक्षम्य वाटते.

मी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, राउटरला हात लावू नकोस. दुसरी, ‘शो एमपीएलएस एलडीपी डिस्कव्हरी’ ही आज्ञा देऊन उत्तर जसेच्या तसे मला वाचून दाखव. या उत्तरात प्रत्येक तारेपुढे हॅलो पाठवला जातो की नाही आणि पलीकडून येतो की नाही हे दिसते. हॅलो फक्त जात असेल आणि येत नसेल, तर पलीकडच्या राउटरच्या त्या तारेवर एमपीएलएस चालूच केलेले नाही, किंवा वाटेतली एखादी गाळणी यूडीपीचे ६४६ अडवते आहे, किंवा मधला स्विच सामायिक पत्त्याची पॅकेटे गिळतो आहे, असे समजावे. इथे तसे नव्हते. हॅलो दोन्ही बाजूंनी व्यवस्थित होते. परंतु शेजाऱ्याच्या ओळखीच्या ओळीत शेवटी ‘नो रूट’ हे दोन शब्द होते, आणि ते त्याने वाचताच मला पुढचे बरेचसे उमगले.

एलडीपीमध्ये प्रत्येक राउटरची ओळख सहा बाइटची असते : चार बाइटचा पत्ता आणि दोन बाइटचा लेबल-संचाचा क्रमांक. वेगळे काही सांगितले नाही तर टीसीपीचे संभाषणही याच चार बाइटच्या पत्त्याशी उघडले जाते. म्हणजे शेजारी राउटर तारेच्या पलीकडे हातभर अंतरावर असला, तरी त्याच्या या ओळखीच्या पत्त्याकडे जाणारी वाट आपल्या रूटिंग टेबलमध्ये, म्हणजे वाटांच्या यादीत, असावीच लागते. ती नसेल तर हॅलो कितीही येवोत, संभाषण उघडत नाही. हा पत्ता ठरवून दिलेला नसेल तर सिस्कोचा राउटर आपल्या लूपबॅकांपैकी (म्हणजे कोणत्याही तारेला न बांधलेल्या, राउटरच्या आतल्या आभासी जोडण्यांपैकी) ज्याचा पत्ता आकड्याने सर्वांत मोठा, तो उचलतो. काही महिन्यांपूर्वी त्या राउटरवर देखरेखीच्या सोयीसाठी एक नवा लूपबॅक घातला होता. त्याचा पत्ता आधीच्या लूपबॅकपेक्षा मोठा होता आणि तो ओएसपीएफमध्ये घेतलेला नव्हता, म्हणजे बाकीच्या जाळ्याला त्याची वाटच माहीत नव्हती. चालू राउटर आपली ओळख उगाच बदलत नाही. त्यामुळे इतके महिने काही बिघडले नाही. त्या दिवशी वीज गेली, बॅटरी उतरली, राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि सुरू होताना त्याने नवा, मोठा पत्ता आपली ओळख म्हणून निवडला. पुढे तो तीन वेळा बंद-चालू केला गेला आणि तिन्ही वेळा त्याने इमानाने तोच पत्ता निवडला.

म्हणजे ज्या कृतीने बिघाड उघड झाला, तीच कृती उपाय म्हणून वारंवार केली जात होती. दुरुस्ती एका ओळीची होती. ‘एमपीएलएस एलडीपी राउटर-आयडी लूपबॅक झिरो फोर्स’ असे लिहिले की ओळख जुन्या लूपबॅकला कायमची बांधली जाते. शेवटच्या ‘फोर्स’ या शब्दाने त्या राउटरची असलेली सर्व संभाषणे एकदा तुटून पुन्हा जुळतात, म्हणून एरवी हे काम रात्रीच करावे. पण इथे तुटायला काही शिल्लकच नव्हते. ओळ लिहिल्यावर मिनिटभराच्या आत शेजार जुळला आणि शाखा एकामागून एक उघडल्या.

तपासाची पुढची पायरी या प्रसंगी लागली नाही, पण ती पुष्कळांना माहीत नसते म्हणून लिहितो. वाट असूनही संभाषण उघडत नसेल तर टीसीपीचे ६४६ तपासावे, आणि ते दोन्ही दिशांनी तपासावे. एलडीपीमध्ये ज्या राउटरचा पत्ता मोठा, तो संभाषण सुरू करतो आणि लहान पत्त्याचा राउटर वाट पाहतो. त्यामुळे एका दिशेने जाणाऱ्या पॅकेटांत ६४६ हे मुक्कामाचे पोर्ट असते आणि उलट दिशेने येणाऱ्यांत ते निघण्याचे पोर्ट असते. कोणती पॅकेटे सोडायची हे ठरवणाऱ्या सुरक्षेच्या यादीत फक्त मुक्कामाचे ६४६ खुले ठेवलेले असेल, तर एका दिशेची पॅकेटे जातात आणि उत्तरे अडतात. अशी अर्धवट यादी पत्त्यांच्या योगायोगाने वर्षानुवर्षे निभावून जाते. पुढे कोणी लूपबॅकचा पत्ता बदलला, लहानमोठेपणा उलटला, की एके दिवशी शेजार तुटतो आणि यादीला तर कोणी हात लावलेला नसतो. पासवर्डाची चूक त्या मानाने सोपी आहे, कारण राउटरची नोंदवहीच ती सांगते : सही आलीच नाही अशी नोंद असेल तर पलीकडे पासवर्ड घातलेला नाही, आणि सही चुकीची अशी नोंद असेल तर दोन्हीकडचे पासवर्ड वेगळे आहेत.

दोन्ही बाजूंच्या वेळांचे आकडे जुळवत बसण्यात मात्र अर्थ नाही. ओएसपीएफमध्ये हॅलोच्या वेळा जुळल्या नाहीत तर शेजार होत नाही, त्यामुळे ओएसपीएफवर हात बसलेली माणसे इथेही तेच शोधतात. एलडीपीमध्ये दोघांनी सांगितलेल्या मुदतींपैकी लहान मुदत दोघेही पाळतात.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे जुळून तुटणारा शेजार. संभाषण उघडते, तीन मिनिटे टिकते, तुटते, पुन्हा उघडते. अशा वेळी तारेवरच्या एमटीयूकडे, म्हणजे एका वेळी जाऊ शकणाऱ्या पॅकेटच्या कमाल आकाराकडे, पाहावे. हॅलो आणि सुरुवातीची बोलणी छोट्या पॅकेटांत होतात, ती सुखरूप जातात. लेबलांची लांबलचक यादी मोठ्या पॅकेटांत निघते आणि मधल्या एखाद्या उपकरणाला तो आकार पेलत नसेल तर ती गुपचूप हरवते. टीसीपी सगळे क्रमाने पोहोचवते, त्यामुळे हरवलेल्या पॅकेटच्या मागे ‘मी जिवंत आहे’ हे निरोपही अडकून राहतात आणि सिस्कोची नेहमीची १८० सेकंदांची मुदत संपली की संभाषण तोडले जाते. तुटण्यातला हा नियमितपणाच मोठी खूण आहे. पॅकेटचे तुकडे करू नयेत अशी सूचना देऊन मोठ्या आकाराचा पिंग शेजाऱ्याच्या ओळखीच्या पत्त्याकडे पाठवला की खरे-खोटे लगेच कळते. शेजार पूर्ण टिकून असतानाही एमटीयू ग्राहकाला त्रास देऊ शकतो : १५०० बाइटच्या पॅकेटवर दोन लेबले चढली की ते १५०८ होते, आणि मधली तार १५०० वरच ठेवलेली असेल तर शाखेत शिल्लक रक्कम दिसते पण खातेउतारा येत नाही.

शेजार जुळलेला आहे, टिकलेला आहे, तरी एका विशिष्ट ठिकाणचे लेबल मिळत नाही, अशीही तक्रार येते. तिथे बहुधा लूपबॅकचा मास्क, म्हणजे पत्त्यातले किती बिट जाळ्याचे नाव धरायचे हा आकडा, पाहावा. ओएसपीएफ लूपबॅकचा पत्ता एरवी ३२ बिटांच्या मास्कनेच इतरांना सांगते. स्वतः त्या राउटरवर तो २४ बिटांनी लिहिलेला असेल तर तो लेबल बांधतो २४ बिटांच्या नावाला, आणि शेजारी शोधतो ३२ बिटांच्या नावाचे. घर एकच, पण दोन वेगवेगळ्या नावांनी नोंदलेले. लेबलांच्या जगात नाव तंतोतंत जुळावे लागते.

इतके सविस्तर लिहिण्याचे कारण हे की, यातली प्रत्येक खूण राउटर चालू असतानाच वाचता येते. त्याच्या नोंदवहीत शेजार किती वाजता आणि कोणत्या कारणाने तुटला हे लिहिलेले असते : हॅलोची मुदत संपली, की निरोप थांबले, की समोरच्यानेच संभाषण बंद केले. राउटर बंद केला की त्याच्या स्मृतीतली ही नोंद पुसली जाते. ती दुसऱ्या यंत्रावर पाठवून ठेवण्याची व्यवस्था असतेच असे नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणच्या छोट्या जाळ्यांमध्ये ती मी फारच थोड्या जागी पाहिली आहे. चुकून शेजार पुन्हा जुळलाच तर कारण कायमचे अज्ञात राहते आणि अहवालात ‘रीस्टार्टने पूर्ववत’ एवढेच उरते.

वाटा सांगणाऱ्या व्यवस्थेने लेबलांची वाट पाहावी, असा उपायही उपलब्ध आहे. मार्च २००९ च्या आरएफसी ५४४३ मध्ये तो दिला आहे. त्यानुसार तारेवर लेबलांची देवघेव पूर्ण होईपर्यंत ओएसपीएफ त्या तारेची किंमत सर्वांत जास्त सांगते, त्यामुळे दुसरी वाट असेल तर पॅकेटे तिकडून जातात. आमच्या गावाकडे एकच वाट आहे, तिथे याचा उपयोग झाला नसता. पण जिल्ह्याच्या ठिकाणी दोन वाटा असूनही हा उपाय चालू केलेला नसतो, ही गोष्ट मला खटकते.

काही जाणकार म्हणतील की एलडीपी आता जुने झाले. सेगमेंट रूटिंग या नव्या पद्धतीत लेबले ओएसपीएफ किंवा त्याच कामाची आयएस-आयएस ही व्यवस्था यांच्याच निरोपांतून वाटली जातात, वेगळे संभाषणच नसते, त्यामुळे या जातीचा बिघाड तिथे संभवत नाही. हे बरोबर आहे, आणि नवी जाळी तशी उभारली जावीत. परंतु आज चालू असलेली अनेक जाळी एलडीपीवरच आहेत आणि त्यांवर माणसांचे निवृत्तिवेतन अवलंबून आहे.

तेव्हा माझी मागणी दोन ठिकाणी आहे. बँका, पतसंस्था आणि नगरपालिका यांनी जोडणीचा करार करताना त्यात एक अट घालावी की, सेवा खंडित झाल्यास राउटर बंद करण्यापूर्वी शेजाराची स्थिती, डिस्कव्हरीचे उत्तर आणि नोंदवही जतन केली जाईल आणि बिघाडाचे कारण लेखी दिले जाईल. ग्राहकाने हे मागितले नाही तर पुरवठादार आपण होऊन देत नाही, हा माझा अनुभव आहे. दुसरी मागणी तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे आहे. त्यांच्या प्रयोगशाळेत राउटर जोडून दाखवतात, पण जोडलेला शेजार मुद्दाम तोडून तो शोधायला लावत नाहीत. यासाठी महागड्या उपकरणांची गरजही नाही. एफआरआर या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये एलडीपी आहे आणि एका साध्या लॅपटॉपवर लिनक्सचे तीन आभासी राउटर उभे करता येतात. एका गटाने गुपचूप लूपबॅक वाढवावा किंवा यादीत ६४६ अडवावे आणि दुसऱ्या गटाने घड्याळ लावून कारण लेखी द्यावे. मला फोन करणाऱ्या त्या मुलाकडे हुशारी कमी नव्हती. त्याला आज्ञा सगळ्या पाठ होत्या, त्या कोणत्या क्रमाने विचारायच्या हे कोणी करून घेतले नव्हते.

त्या दिवसाच्या अहवालात बँकेला कळवलेले कारण मी पुढे शाखेतच पाहिले. ‘लिंकमध्ये तांत्रिक अडचण, आता सुरळीत’ असे ते होते. राउटरच्या ओळखीचा त्यात उल्लेख नव्हता. देखरेखीसाठीचा तोच जादा लूपबॅक त्या जाळ्यात आणखी अकरा राउटरांवर घातलेला होता, म्हणजे वीज जाण्याचाच काय तो अवकाश होता. त्या तरुणाने पुढच्या आठवड्यात परवानगी काढून रात्रीच्या वेळी ते एकेक करून दुरुस्त केले. बिघाडाचे खरे कारण लेखी मिळावे, असा अर्ज खातेदार या नात्याने मी शाखेत दिला आहे. त्याची पोच माझ्याकडे आहे. उत्तर आलेले नाही.

आपला विश्वासू,
एक नेटवर्क अभियंता आणि खातेदार